आपण आरंभशूर का ठरतो? चंद्र, मंगळ आणि दूरच्या पल्ल्याची कामे

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे यान चंद्रावरून परत निघाले. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे उलटली, तरी चंद्राच्या मातीवर माणसाचे पाऊल पुन्हा पडलेले नाही. माझा जन्म त्यानंतरचा आहे. शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर चंद्र आणि मंगळ काढून, "तुम्ही माझ्या वयाचे व्हाल तेव्हा माणूस इथे असेल," असे मंगळावर खडू टेकवून सांगितल्याचे मला स्पष्ट आठवते. बाईंच्या तेव्हाच्या वयापेक्षा मी आता बराच मोठा झालो आहे.

या विषयावर चर्चा निघाली की पहिले उत्तर ठरलेले असते. माणूस स्वभावतःच अल्पदृष्टीचा आहे, त्याच्या मेंदूची घडण उद्याच्या भाकरीपुरती झालेली आहे, त्यामुळे शंभर वर्षांची उद्दिष्टे त्याला पेलत नाहीत, असे सांगितले जाते. हे उत्तर मला पटत नाही, कारण त्यातून कोणाचीच जबाबदारी निश्चित होत नाही. जो माणूस वीस वर्षांचे गृहकर्ज डोक्यावर घेतो आणि ज्याची फळे नातवंडे खातील असा फणस परसात लावतो, त्याला दूरचे दिसत नाही असे कसे म्हणावे? दिसते सगळे, पण दिसलेल्या ठिकाणी पोहोचेपर्यंत कामाचा रेटा टिकत नाही. आपल्या भाषेत यासाठी 'आरंभशूर' हा नेमका शब्द आहे आणि तो दृष्टीविषयी काहीच बोलत नाही.

अपोलोचेच पाहा. दीर्घ उद्दिष्टाचा आदर्श म्हणून त्याचे नाव घेतले जाते, पण ते मुळात दीर्घ उद्दिष्ट नव्हतेच. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, त्यानंतर आठवडाभरातच क्युबातील बे ऑफ पिग्जची अमेरिकी मोहीम फसली, आणि २५ मे रोजी केनेडींनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरवण्याची घोषणा केली. नोव्हेंबर १९६२ मधील एका बैठकीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात हेच केनेडी नासाच्या प्रमुखांना, आपल्याला अंतराळात एरवी तेवढा रस नाही, रशियाला मागे टाकणे महत्त्वाचे आहे, असे स्वच्छ सांगताना ऐकू येतात. पुढे सप्टेंबर १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी रशियासह संयुक्त चांद्रमोहिमेचा प्रस्तावही मांडला होता. म्हणजे अपोलो ही आठ वर्षांची शर्यत होती, आणि शर्यत जिंकल्यावर कोणी धावत राहत नाही.

आकडेही हेच सांगतात. अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातील नासाचा वाटा १९६६ मध्ये सुमारे ४.४ टक्के होता, १९७५ पर्यंत तो एक टक्क्याच्या आसपास उतरला आणि आज तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. लक्षात घ्या, शिखर १९६६ चे आहे आणि आर्मस्ट्राँग उतरला १९६९ मध्ये. अपोलो याने चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटांचे पुढील उत्पादन थांबवण्याचा निर्णय तर १९६८ मध्येच, कोणीही चंद्रावर पोहोचण्याच्या आधी झाला होता. अपोलो १८, १९ आणि २० या मोहिमा १९७० मध्ये रद्द झाल्या आणि उरलेली रॉकेटे आज संग्रहालयांत आडवी ठेवलेली आहेत.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे दर काही वर्षांनी बदललेली पाटी. जुलै १९८९ मध्ये थोरल्या बुश यांनी चंद्र आणि मंगळ या दोन्हींची घोषणा केली, खर्चाचा अंदाज ४०० ते ५०० अब्ज डॉलरपर्यंत गेल्यावर ती बारगळली. जानेवारी २००४ मध्ये धाकट्या बुश यांनी २०२० पर्यंत चंद्रावर परतण्याचे जाहीर केले, तो कार्यक्रम २०१० मध्ये ओबामा प्रशासनाने गुंडाळला. आजचा आर्टेमिस कार्यक्रम त्याच्याच अवशेषांवर उभा आहे. मंगळाकडे जाण्यासाठी सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते, म्हणजे चार वर्षांच्या एका कारकिर्दीत फार तर दोनदा. ग्रहांचे पंचांग आणि निवडणुकांचे पंचांग यांचा मेळ कसा बसावा?

याच्या अगदी उलट उदाहरण नासाच्या व्हॉयेजर यानांचे. बाहेरचे चार मोठे ग्रह एकाच प्रवासात गाठता येतील अशी स्थिती सुमारे १७५ वर्षांतून एकदा येते आणि ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस येत होती. चार ग्रहांची भव्य योजना पैशांअभावी नामंजूर झाली. तिच्या जागी केवळ गुरू आणि शनीपर्यंत जाणाऱ्या दोन यानांना मान्यता मिळाली. अभियंत्यांनी मात्र ती याने गरजेपेक्षा दणकट बांधली. व्हॉयेजर २ पुढे १९८६ मध्ये युरेनसपाशी आणि १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी पोहोचले, व्हॉयेजर १ ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते निरर्थक संदेश पाठवू लागले तेव्हा स्मृतीतील बिघडलेली चिप ओळखून, संगणकाच्या आज्ञा दुसरीकडे हलवून २०२४ मध्ये ते इथूनच पूर्ववत करण्यात आले.

म्हणून प्रश्न असा मांडतो : जे टिकले ते कशामुळे टिकले? मला वाटते, दूरचे उद्दिष्ट दूर ठेवूनच ज्यांनी मधल्या प्रत्येक पिढीला स्वतःचे असे काही कारण दिले, तीच कामे पुढे गेली. आपली मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी.

जमाखर्च

विरोधी मते मागितली आहेत, तर सुरुवात मी करतो. आपण ज्याला धरसोड म्हणता, त्यातील बराच भाग हा साधा हिशेब आहे.

आजपासून शंभर वर्षांनी मिळणाऱ्या एक हजार रुपयांची आजची किंमत काढून पाहा. वार्षिक सात टक्के व्याजदर धरला तर ती सव्वा रुपयाहूनही कमी येते, आणि दहा टक्के दर धरला तर सात पैसे. कोणत्याही अर्थखात्यात मोठ्या प्रकल्पाची फाइल तपासणारा अधिकारी हाच हिशेब करतो. त्यामुळे शंभर वर्षांनंतरचा लाभ कितीही प्रचंड दाखवला, तरी त्या कागदावर तो चहाच्या किमतीएवढा होतो. हा दर किती धरावा यावर अर्थशास्त्रज्ञांमध्ये जुना वाद आहे, विशेषतः हवामानबदलाच्या संदर्भात. पण दर शून्य धरला तर आजच्या माणसाने न जन्मलेल्या असंख्य लोकांसाठी उपाशी राहावे, असे निष्पन्न होते. तेही कोणाला मान्य होणार नाही.

दुसरे असे की विरोध करणारे सगळे अल्पदृष्टीचे असतात, हे गृहीतक मला उद्धट वाटते. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी नागरी हक्क चळवळीचे नेते रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनाथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन प्रक्षेपण तळावर निदर्शने करायला गेले होते. नासाचे प्रमुख टॉमस पेन स्वतः त्यांना भेटायला बाहेर आले. १९६० च्या दशकातील बहुतेक जनमत चाचण्यांमध्येही चंद्रमोहिमेवरील खर्चाच्या बाजूने बहुमत नव्हते, हे आज सोयीस्करपणे विसरले जाते. 'मानवजात' या नावाचे बँकेत खाते नसते. पैसे कोणत्या तरी एका देशाच्या एका वर्षाच्या अंदाजपत्रकातून जातात आणि त्या वर्षी त्या पैशांवर इतर अनेकांचा हक्क असतो.

उत्तरायण

धागा उत्तम आहे. परंतु या साऱ्यावर एक साधे उत्तर चीनने दिलेले आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांनी मानवी अंतराळ कार्यक्रमाचा तीन टप्प्यांचा आराखडा मंजूर केला, २००३ मध्ये त्यांचा पहिला अंतराळवीर गेला, आणि २०२१ मध्ये त्यांच्या कायम स्वरूपाच्या स्थानकाचा मुख्य भाग कक्षेत पोहोचला. तीस वर्षे एकच आराखडा. दर चार-पाच वर्षांनी मते मागायला जावे लागत नसेल तर दीर्घ उद्दिष्टे साधतात, हे कटू असले तरी मान्य करायला हवे.

मृगशीर्ष

उत्तरायण, चीनचे उदाहरण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. मते मागावी न लागणारा आणखी एक देश होता. सोव्हिएत संघाचे एन-१ हे चंद्राचे रॉकेट १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडाले, चारही वेळा अपयशी ठरले आणि नंतर तो कार्यक्रमच पुसून टाकण्यात आला. मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव्ह जानेवारी १९६६ मध्ये वारले होते आणि त्यांच्यामागे रचनाकारांच्या आपसांतील भांडणांना आवर घालील असे कोणी उरले नव्हते. त्यांचे बुरान हे पुनर्वापराचे यान १५ नोव्हेंबर १९८८ रोजी एकदाच, माणसाविना, अवकाशात जाऊन व्यवस्थित परतले आणि पुन्हा कधीच उडाले नाही. तीन वर्षांनी तो देशच राहिला नाही.

खुद्द चीनच्या इतिहासातही झंग ह याच्या सागरी मोहिमा १४०५ ते १४३३ पर्यंत आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात होत्या. दरबाराचे मत फिरले आणि त्या थांबल्या. एकाच्या हातात सत्ता असेल तर काम वेगाने सुरू होते हे खरे, पण ते बंद होण्यासाठीही मग एकाच माणसाचे मन फिरणे पुरते.

चकोरी

मध्ययुगीन युरोपात दोन-दोनशे वर्षे चालणारी कॅथेड्रल बांधणारे लोक होतेच ना? ज्याने पाया घातला त्याला कळस दिसणार नव्हता, तरी त्याने काम केले. आपण श्रद्धा गमावली आहे, असे मला वाटते.

पाथरवट

चकोरी, कॅथेड्रलचा दाखला नेहमी दिला जातो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलचे काम १२४८ मध्ये सुरू झाले आणि १८८० मध्ये पूर्ण झाले, एवढेच सांगितले जाते. मधली सुमारे तीनशे वर्षे काम जवळजवळ ठप्प होते आणि दक्षिणेकडील अर्धवट मनोऱ्यावर मध्ययुगातील लाकडी यारी तशीच उभी होती, हे सांगितले जात नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात ते पूर्ण झाले, त्यामागे मूळ श्रद्धेपेक्षा नव्या जर्मन राष्ट्रवादाचा जोर अधिक होता. म्हणजे जुन्या पायावर नव्या लोकांनी नव्याच कारणासाठी कळस चढवला.

आपल्याकडे पाहायचे तर अजिंठ्याला जावे. तेथील सर्वांत जुनी लेणी सातवाहन काळातील आहेत. त्यानंतर काही शतके तिथे नव्याने फारसे काही खोदले गेले नाही आणि मग पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळात एकदम कामाचा धडाका सुरू झाला. पर्यटक पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतील चित्रे पाहून परततात. मला स्वतःला चोविसावे लेणे अधिक बोलके वाटते. ते पूर्ण झाले असते तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक ठरले असते, पण आत गेल्यावर अर्धवट सुटलेले खांब आणि न काढलेला दगड दिसतो. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मतानुसार हरिषेण राजाच्या मृत्यूनंतर काही थोड्या वर्षांत तिथला राजाश्रय संपला आणि कारागीर छिन्नी-हातोडे घेऊन निघून गेले. हा कालानुक्रम सर्वच अभ्यासकांना मान्य नाही. परंतु लेणे अपुरे आहे, यावर वाद असण्याचे कारण नाही. त्या पाथरवटांची श्रद्धा एका रात्रीत आटली असेल, असे मला वाटत नाही. मजुरी देणारा राहिला नाही, एवढेच.

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

पाथरवट, चोविसाव्या लेण्याचा दाखला फार आवडला. सॅटर्न ५ ची आडवी रॉकेटे आणि ते लेणे यांत मला आता फरक दिसेनासा झाला आहे.

जमाखर्च यांच्या हिशेबाविषयी : हिशेब बरोबर आहे, हे मी मान्य करतो. पण मग व्हॉयेजर, किंवा आपल्या इस्रोचा सारा कार्यक्रम, त्या हिशेबातून कसा सुटला, हे सांगावे लागेल.

वर्कशॉप

मी अंतराळ क्षेत्रातील नाही. यंत्रसामग्री बनवणाऱ्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षे काढून निवृत्त झालो आहे. या धाग्यात पैसा आणि सत्ता यांवर बरेच लिहिले गेले, हाताविषयी मात्र कोणी लिहिले नाही, म्हणून हा लांबलचक प्रतिसाद.

आमच्याकडे एका मोठ्या पंपाचे काम बारा वर्षांनी पुन्हा आले. ड्रॉइंग होते, जुने साचे होते, धातूच्या तपशिलाचे कागदही होते. तरी पहिले तीन नग नापास झाले. ज्या फिटरने ते पूर्वी जुळवले होते तो निवृत्त होऊन गावी गेला होता. त्याला गाडी पाठवून आणवले, तेव्हा त्याने सांगितले की ड्रॉइंगमधील एक माप तो नेहमीच किंचित सोडून देत असे, कारण तापल्यावर तो भाग वाढतो. हे कोणत्याही कागदावर नव्हते. आणि तो माणूस मध्यंतरी वारला असता, तर आम्ही काय केले असते, याचा विचार करून व्यवस्थापनाने पुढे काय बदल केले? काहीही नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाले. २०१२-१३ च्या सुमारास नासाच्या तरुण अभियंत्यांनी सॅटर्न ५ चे एफ-१ हे जुने इंजिन उघडून अभ्यासले, त्याचा एक भाग प्रत्यक्ष पेटवूनही पाहिला. त्यांना आढळले की प्रत्येक इंजिनात कारागिरांनी हाताने केलेले लहान-मोठे फेरफार होते आणि त्यांची कागदोपत्री नोंद अपुरी होती. नकाशे हरवले, अशी एक दंतकथा आहे. ती खरी नाही, नकाशे आहेत, पण ते वाचणारे हात उरले नाहीत. दीर्घ उद्दिष्ट पाच वर्षे बाजूला ठेवून पुन्हा हाती घेता येते, असे समजणाऱ्याने कधी कारखाना पाहिलेला नसतो. थांबलेले काम थांबल्या जागी उभे राहत नाही, ते मागे घसरते.

म्हणून मला आपल्या क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाची कथा अपोलोपेक्षा मोठी वाटते. १९९१ मध्ये रशियाच्या ग्लाव्हकॉसमॉस या अंतराळ संस्थेशी इंजिने आणि तंत्रज्ञान यांचा करार झाला. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार देऊन केवळ तयार इंजिने देण्याचे कबूल केले. भारताने १९९४ मध्ये स्वतःचे इंजिन बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला. उणे २५३ अंश सेल्सिअसला द्रवरूप राहणारा हायड्रोजन, त्याच्या शेजारी उणे १८३ अंशांचा ऑक्सिजन, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारा टर्बोपंप. ज्याने साधा पाण्याचा पंप जुळवला आहे त्यालाही यात काय आहे ते कळेल.

१५ एप्रिल २०१० रोजी स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचे पहिले उड्डाण झाले आणि फसले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला रशियन टप्पा असलेले उड्डाणही फसले. ऑगस्ट २०१३ मध्ये उलटी गणना चालू असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसले आणि प्रक्षेपण थांबवावे लागले. अखेर ५ जानेवारी २०१४ रोजी ते यशस्वी झाले. १९९४ ते २०१४. या वीस वर्षांत पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले, आघाड्या आल्या आणि गेल्या, प्रकल्प बंद झाला नाही. या अनुभवानंतर तयार झालेले अधिक मोठे सीई-२० इंजिन ज्या एलव्हीएम-३ रॉकेटात बसले, त्याच रॉकेटाने जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ नेले. २३ ऑगस्टला टीव्हीसमोर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना १९९४ ची फाइल आठवली असेल?

आता ध्रुवमत्स्य यांचा प्रश्न. हे हिशेबातून कसे सुटले? कारण त्या वीस वर्षांत तीच संस्था पीएसएलव्ही उडवत होती, दळणवळणाचे उपग्रह चालवत होती, पिकांची आणि चक्रीवादळांची चित्रे देत होती. विक्रम साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी अकाली गेले, पण त्यांनी कार्यक्रमाची मांडणीच अशी केली होती की चंद्र-मंगळाची स्पर्धा बाजूला राहावी आणि सामान्य माणसाचे प्रश्न पुढे असावेत. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर मागून घेऊन सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवली गेली, ती याच विचारातून. उपग्रहाचे भाडे वसूल होत राहिले आणि त्या आडोशाला क्रायोजेनिकचे हात तयार होत गेले. सतीश धवन, वसंत गोवारीकर, यू. आर. राव यांच्या पिढीने संस्था चालवली ती अशी, की एखादे रॉकेट बंगालच्या उपसागरात पडले, जसे ऑगस्ट १९७९ मध्ये एसएलव्ही-३ पडले, तरी दुसऱ्या दिवशी कोणाला घरी पाठवले जात नसे.

जमाखर्च

वर्कशॉप, प्रतिसाद दोनदा वाचला. आपला मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या हिशेबाच्या विरोधात जात नाही, उलट त्याला पूरक आहे : शंभर वर्षांच्या हुंडीऐवजी दरवर्षी थोडे व्याज देणारे रोखे काढले, तर सावकार थांबायला तयार असतो.

मात्र गगनयानाविषयी मला शंका आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी घोषणा झाली तेव्हा २०२२ चे वर्ष सांगितले होते, ते केव्हाच मागे पडले. आता २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, अशी उद्दिष्टे आहेत. शेतकऱ्याला उपग्रहाचा उपयोग सांगता येतो, पण माणूस वर पाठवण्याचे दरवर्षीचे व्याज काय, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. आपण साराभाईंची वाट सोडून केनेडींच्या वाटेला लागलो तर नाही ना?

आणखी एक उदाहरण देतो, कारण इथे संस्थेच्या रचनेचा प्रश्न आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये ८७ किलोमीटर परिघाचा कणत्वरक (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणारे यंत्र) बांधायला घेतला होता. सुमारे २३ किलोमीटर बोगदा खणून आणि दोन अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने तो रद्द केला, कारण तिथे दरवर्षी नव्याने मंजुरी घ्यावी लागते आणि एका वर्षी मते कमी पडली. युरोपातील सर्न ही कणभौतिकीची संस्था मात्र १९५४ पासून आंतरराष्ट्रीय करारावर उभी आहे आणि सदस्य देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी भरतात. एखाद्या देशात सरकार बदलले म्हणून वर्गणी बुडवणे सोपे नाही, कारण इतर देशांना तोंड दाखवायचे असते. त्यांनी जुन्या यंत्राच्याच २७ किलोमीटरच्या बोगद्यात नवे यंत्र बसवले आणि जुलै २०१२ मध्ये हिग्ज कण सापडल्याचे जाहीर केले. भिशी कधी मोडत नाही ती याच कारणाने : पैशांपेक्षा शेजारणींचा धाक मोठा असतो.

उत्तरायण

भिशीचे उदाहरण आवडले. चीनविषयीचे माझे विधान मी थोडे मागे घेतो, पूर्ण नाही.

खोडदकर

माझे घर नारायणगावच्या बाजूला असल्यामुळे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या पाहतच मोठा झालो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी आधी उटीची दुर्बीण उभी केली, ती १९७० मध्ये सुरू झाली, आणि तिथे तयार झालेल्या माणसांच्या जोरावर पुढे खोडद झाले. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरून तबकडी हलकी आणि स्वस्त करण्याची युक्ती त्यांचीच. वर्कशॉप यांनी हातांविषयी जे लिहिले आहे त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

पण मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. जून २०२३ मध्ये जगातील अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केले की विश्वात अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा (अवकाश-काळातच उठणाऱ्या तरंगांचा) पार्श्वनाद असल्याचे पुरावे मिळत आहेत. या लहरींचे एक आंदोलन पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात. त्या पकडण्यासाठी ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या स्पंदताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षे मोजत राहावे लागते. युरोपीय गटाची मोजणी सुमारे पंचवीस वर्षांची होती आणि भारतीय-जपानी गटाने खोडदच्या सुधारित दुर्बिणीवरील निरीक्षणे तिला जोडली. इथे उद्दिष्ट लांबचे ठेवायचे की जवळचे, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण लहरच वर्षांची आहे. पहिली दहा वर्षे ज्यांनी ठोके मोजले त्यांना हाती काही लागणार नाही हे माहीत होते. तरी त्यांनी नीट नोंदी ठेवल्या, आणि त्या नोंदी दुसऱ्याला वापरता येतील अशा स्वरूपात ठेवल्या. अंतराळमोहिमांच्या घोषणा करणाऱ्यांपेक्षा मला या कारकुनी चिकाटीचे अधिक कौतुक वाटते.

मृगशीर्ष

खोडदकर यांच्या प्रतिसादाला जोडून : व्हॉयेजर १ आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे, आणि त्या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढे अंतर तोडायला त्याला सुमारे ७५,००० वर्षे लागतील. हे यान पाठवणाऱ्यांपैकी कोणी ताऱ्यांवर जाण्याचे उद्दिष्ट ठेवले नव्हते. त्यांना पाच वर्षांत गुरू आणि शनी पाहायचे होते. यानाची वीज दरवर्षी सुमारे चार वॉटने कमी होते, म्हणून एकेक उपकरण बंद करत, कोणते आधी बंद करायचे यावर वाद घालत, ती मंडळी आजही काम करत आहेत. मूळ गटातील बहुतेक जण निवृत्त झाले आहेत आणि नव्यांना सत्तरच्या दशकातील कागद वाचायला शिकावे लागते.

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. माझे मूळ म्हणणे थोडे सुधारून घेतो. प्रत्येक पिढीला स्वतःचे कारण हवे, असे मी लिहिले होते. वर्कशॉप आणि खोडदकर यांच्यामुळे लक्षात आले की कारणाइतकीच हस्तांतराची सोय हवी, म्हणजे हात, नोंदी आणि जुन्या माणसाला गाडी पाठवून आणण्याइतका नम्रपणा. जमाखर्च यांच्या गगनयानाविषयीच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. तो प्रश्न रास्त आहे.

औंढेकर

बरेच दिवस हा धागा केवळ वाचत होतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे, म्हणून लिहितो.

अमेरिकेत रायनर वाइस यांनी या प्रकारच्या उपकरणाचा सविस्तर आराखडा १९७२ मध्ये मांडला. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची यंत्रे बांधून झाल्यावर २००२ ते २०१० या काळात त्यांना एकही लहर सापडली नाही. तरीही ती मोडीत न काढता सुधारली गेली आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर मिळाली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ते जगाला कळले, आणि अवघ्या सहा दिवसांत आपल्या मंत्रिमंडळाने भारतातील यंत्राला तत्त्वतः मंजुरी दिली. त्यानंतर २,६०० कोटी रुपयांची प्रत्यक्ष मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडले. ही सात वर्षे आमच्याकडे लोक विचारत असत की ते यंत्र येणार होते त्याचे काय झाले, आणि आम्ही सांगत असू की येणार आहे.

मंजुरीच्या वेळी २०३० चे उद्दिष्ट सांगितले गेले होते. माझा भाचा यंदा दहावीला आहे. त्याने भौतिकशास्त्र घेण्याचे ठरवले आहे आणि परवा त्याने वहीच्या मागच्या पानावर बारावी, बी.एस्सी., एम.एस्सी. अशी वर्षे मांडून मला विचारले की यंत्र आधी सुरू होईल की त्याचे शिक्षण आधी संपेल. मी त्याला म्हटले, तू वेळेवर पास हो, उशीर करायला ते यंत्र समर्थ आहे. तो हसला नाही. त्याने एम.एस्सी.च्या पुढे पीएच.डी.ची पाच वर्षे लिहिली आणि वही मिटली.